तीन आणि नऊच्या सुया: वाघोलीच्या कॅव्हन्साइटचा एक फोकस स्टॅक

पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या दगडखाणींमध्ये बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज सापडते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या त्याच्या घटकांच्या नावांतली अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. त्याचे पहिले वर्णन १९७३ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मिळालेल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले असले, तरी संग्राहकांच्या कपाटांत जे देखणे नमुने दिसतात ते मुख्यतः वाघोलीचे असतात. स्टिल्बाइट या पांढऱ्या किंवा फिकट पिवळसर खनिजाच्या बैठकीवर निळ्या सुयांचा गुच्छ चहूबाजूंनी फुललेला असतो आणि तो बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. ओळखीच्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी आपल्या संग्रहाच्या सूचीसाठी असा एक नमुना माझ्याकडे छायाचित्रासाठी दिला होता. इतक्या जवळून एका फ्रेममध्ये फार थोडी खोली फोकसमध्ये येते, म्हणून नमुना थोडाथोडा सरकवत अनेक फ्रेम घेतात आणि त्या सॉफ्टवेअरने जोडून एक चित्र करतात; यालाच फोकस स्टॅक म्हणतात. त्या एका छायाचित्राला तीन आठवडे लागले. ते का लागले, आणि त्यातला बराचसा वेळ चुकीच्या ठिकाणी शोध घेण्यात कसा गेला, याची ही नोंद आहे.

निळ्या फुलाचा व्यास साडेतीन मिलिमीटर होता आणि सर्वांत पुढच्या सुईच्या टोकापासून मागच्या स्टिल्बाइटपर्यंतची खोली ३.२ मिलिमीटर. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर असलेला मिररलेस कॅमेरा होता. त्याला बेलोज, म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांच्यात अंतर ठेवणारा घडीचा भाता, लावून पुढे सूक्ष्मदर्शकाचे चारपट मोठे करणारे जुने ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडचे भिंग, बसवले होते; त्याचे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप, ०.१० होते. चारपट मोठेपणाला सेन्सरमध्ये सुमारे ५.९ बाय ३.९ मिलिमीटरचे क्षेत्र मावते, म्हणजे फुलाभोवती थोडी बैठकही दिसते. नमुना पुढेमागे सरकवण्यासाठी मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस ठोकळा वापरला. त्याच्या बारीक चाकावर शंभर रेघा असून प्रत्येक रेघ दोन मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. मोटर लावलेल्या रेलचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हा ठोकळा फार चांगला पर्याय आहे, फक्त चाक नेहमी एकाच दिशेने फिरवावे लागते, कारण उलट फिरवल्यास सुरुवातीच्या काही रेघा दातांमधल्या ढिलाईतच जातात. हे सगळे एका जाड प्लायच्या फळीवर आडवे मांडले होते, फळी जेवणाच्या टेबलावर होती, आणि टेबल तिसऱ्या मजल्यावरच्या, रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या घरात होते. उजेडासाठी दोन एलईडी दिवे होते.

इतक्या जवळून घेतलेल्या एका फ्रेममध्ये किती खोली फोकसमध्ये येते, याचा हिशेब सोपा आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीला न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या वर्गाने भागले की ती खोली मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर या ऑब्जेक्टिव्हसाठी उत्तर ५५ मायक्रॉन येते. शेजारच्या फ्रेम एकमेकींवर थोड्या चढाव्यात म्हणून पाऊल ४० मायक्रॉनचे, म्हणजे वीस रेघांचे ठेवले. ३.२ मिलिमीटरसाठी ८१ फ्रेम होतात. पुढे पाच आणि मागे पाच जादा धरून ९१ घेतल्या. एलईडीच्या उजेडात आयएसओ १०० ला एक्स्पोजर पाव सेकंदाचे आले. चाक फिरवायचे, दोन सेकंद थांबायचे, रिमोटने शटर सोडायचे, असा क्रम होता. झेरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम एकत्र केल्या आणि चित्र संग्राहकांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अहो, माझ्या दहापट भिंगातून हा याहून रेखीव दिसतो."

त्यांचे म्हणणे खरे होते. चित्र वाईट नव्हते. लहान आकारात तर ते उठावदारच दिसत होते. परंतु सुयांच्या अंगावरच्या लांबट रेघा, ज्या भिंगातून सहज दिसतात, त्या चित्रात कुठे होत्या आणि कुठे नव्हत्या.

पहिला संशय पावलावर गेला, आणि तो अगदी स्वाभाविक असला तरी त्यात चार दिवस वाया गेले. दोन फ्रेमच्या मधली एखादी पट्टी फोकसमधून निसटत असेल, असे समजून पाऊल निम्मे, म्हणजे २० मायक्रॉनचे केले आणि १७१ फ्रेम घेतल्या. पाऊल खरोखरच मोठे असते, तर चित्रात फोकसचे पट्टे दिसले असते, म्हणजे तिरप्या सुईवर एक तुकडा स्पष्ट, पुढचा धूसर, त्यापुढचा पुन्हा स्पष्ट, अशी आवर्तने उमटली असती. तशी ती पहिल्या चित्रातही नव्हती, पण हे लक्षण तेव्हा मी तपासलेच नाही. दुप्पट फ्रेम घेऊन स्पष्टता तसूभरही वाढली नाही, उलट पिरॅमिड पद्धतीने एकत्र केल्यावर पार्श्वभूमीतला दाणेदारपणा वाढला. ही पद्धत प्रत्येक फ्रेममधला सर्वांत ठळक तपशील उचलते, आणि कॅमेऱ्याचा नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे, तिला तपशीलच वाटतो. त्यानंतर सॉफ्टवेअर बदलून पाहिले. हेलिकॉन फोकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या तीनही पद्धती चालवल्या. उत्तर तेच आले.

यानंतर जे करायला हवे होते ते सर्वांत आधीच करायला हवे होते: स्टॅक बाजूला ठेवून एक सुटी फ्रेम उघडली. फोकस स्टॅकिंगचे सॉफ्टवेअर प्रत्येक जागेसाठी हाती असलेल्या फ्रेमपैकी सर्वांत स्पष्ट फ्रेम निवडते, त्याहून स्पष्ट काही ते निर्माण करू शकत नाही. फ्रेम क्रमांक ३४ मध्ये फुलाच्या मध्यावरच्या सुया नेमक्या फोकसमध्ये होत्या, आणि त्या फ्रेममध्येसुद्धा त्या तितक्याच धूसर होत्या. म्हणजे दोष छायाचित्रणात होता, जोडणीत नव्हता.

येथे नमुन्याच्या आकाराने मदत केली. कॅव्हन्साइटच्या सुया मध्यापासून सर्व दिशांना फाकलेल्या असतात, त्यामुळे असे फूल म्हणजे लेन्स तपासण्यासाठी वापरतात त्या ताऱ्यासारख्या तक्त्याची नैसर्गिक प्रतच असते. घड्याळाच्या भाषेत सांगायचे, तर बारा आणि सहाच्या दिशेने गेलेल्या उभ्या सुया चित्रात चांगल्या रेखीव होत्या, तर तीन आणि नऊच्या दिशेने गेलेल्या आडव्या सुयांच्या कडा पसरट आणि काही ठिकाणी दुहेरी दिसत होत्या. फोकस चुकला तर धूसरपणा सर्व दिशांना सारखाच येतो. विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने येणारा, धूसरपणाही सर्व दिशांना सारखाच असतो. एकाच दिशेचा धूसरपणा जवळजवळ नेहमी हालचालीचा असतो, आणि आडव्या सुया धूसर होत्या याचा अर्थ हालचाल खाली-वर अशी होती. चित्र गेले आठ दिवस हेच सांगत होते, आणि मी मात्र ते एकूण "मऊ" आहे एवढेच पाहत होतो.

किती हालचालीने बिघडते, याचाही हिशेब करून पाहिला. या सेन्सरचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा आहे. चारपट मोठेपणाला नमुना एक मायक्रॉन हलला तर सेन्सरवर प्रतिमा चार मायक्रॉन, म्हणजे एक पिक्सेल सरकते. तीन-चार मायक्रॉनचा थरथराट या ऑब्जेक्टिव्हच्या विभेदनक्षमतेइतकाच आहे, म्हणजे मिळू शकणारा सगळा बारीक तपशील तेवढ्याने पुसला जातो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की जेवणाच्या टेबलाकडून आपण काय अपेक्षा करत होतो ते कळते.

मग स्थिर चाचणी घेतली. चाकाला हात न लावता, रिमोटच्या टायमरवर एकाच जागी दहा फ्रेम घेतल्या आणि त्या पडद्यावर पूर्ण आकारात एकापाठोपाठ एक उलटून पाहिल्या. काहीच हलत नसेल, तर दहाही फ्रेम एकसारख्या दिसायला हव्यात. येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या आणि त्या सुट्या करायला दोन संध्याकाळी लागल्या.

सर्व दहा फ्रेममध्ये आडव्या सुयांच्या कडा सारख्याच पसरलेल्या होत्या. दर वेळी तेवढाच आणि त्याच दिशेने येणारा दोष कॅमेऱ्याच्या आतलाच असणार. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाही म्हणून धक्काही नाही, अशी माझी समजूत होती. पण शटरचे पडदे असतातच. पूर्ण यांत्रिक शटरमध्ये एक्स्पोजर सुरू होण्याच्या क्षणाला पहिला पडदा सेन्सरच्या आखूड बाजूने, म्हणजे उभा धावून थांबतो आणि बेलोजच्या टोकाला लटकलेल्या कॅमेऱ्याला उभा हिसका बसतो. पाव सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये त्या हिसक्याचा बराचसा काळ चित्रात नोंदला जातो. कॅमेऱ्याच्या मेनूत पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करण्याची सोय होती. ती चालू केल्यावर हा एकसारखा पसरटपणा गेला. सेन्सर हलवून चित्र स्थिर करणारी यंत्रणाही याच वेळी बंद केली, कारण ऑब्जेक्टिव्हकडून तिला कोणतीही माहिती मिळत नसते आणि पक्क्या बसवलेल्या मांडणीत तिचे काहीच काम नसते.

दुसरी गोष्ट अनियमित होती. दहांपैकी दोन-तीन फ्रेम मधूनच बिघडत होत्या. खिडकीत उभे राहून पाहिले तेव्हा त्यांचा संबंध खालून जाणाऱ्या बसशी आणि डंपरशी लागला. पंखा चालू असताना तर बहुतेक सगळ्याच फ्रेम थोड्या बिघडत. स्टॅकमध्ये हे फार घातक ठरते, कारण बिघडलेल्या फ्रेमच्या वाट्याला आलेली पन्नासेक मायक्रॉनची पट्टी दुसऱ्या कोणत्याही फ्रेममध्ये तितकी स्पष्ट नसते, आणि पूर्ण चित्रात काही सुया रेखीव, काही मऊ, असा ठिगळांचा प्रकार होतो. पंखा बंद करता येतो; रस्ता बंद करता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मंद आणि म्हणून सर्वांत फसवी होती. दहा फ्रेममध्ये प्रतिमा हळूहळू खाली सरकत होती. नमुना मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीवर दाबून बसवला होता, आणि ही माती वजनाखाली कित्येक मिनिटे दबत राहते. बाजूचे सरकणे सॉफ्टवेअर जुळवून घेते, परंतु नमुना पुढेही कलत असेल, तर प्रत्यक्ष पाऊल ४० मायक्रॉनचे राहतच नाही. उपाय साधा निघाला: मातीचा थर पातळ ठेवायचा, नमुना दाबून बसवल्यावर अर्धा तास तसाच सोडायचा, आणि मगच पहिली फ्रेम घ्यायची. कायमचा गोंद वापरणे दुसऱ्याच्या नमुन्याच्या बाबतीत विचारातही घेता येत नाही.

रस्त्याचा थरथराट थांबवणे शक्य नसल्यामुळे तो गोठवणे हाच मार्ग उरला, आणि त्यासाठी एलईडी सोडून फ्लॅशकडे यावे लागले. हातातल्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. ताकद एक षोडशांश केली, की तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. तेवढ्या वेळात टेबल जवळजवळ हलतच नाही. खोलीत अंधार केला, एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचे ठेवले आणि फ्लॅश दुसऱ्या पडद्याच्या वेळी, म्हणजे एक्स्पोजरच्या शेवटी उडेल असा लावला, म्हणजे चाक फिरवल्यामुळे किंवा कॅमेऱ्यामुळे काही थरथर उरली असेल तर तिला शमायला अवधी मिळतो. फ्लॅश न लावता अर्ध्या सेकंदाची एक फ्रेम घेऊन ती पूर्ण काळी येते, याची खात्रीही करून घेतली. काळी येत नसेल, तर खोलीतला उजेड हालचाल नोंदवतो आहे असे समजावे. कमी ताकदीवर प्रत्येक झोताचा उजेड जवळपास एकसारखा राहतो, हाही एक लाभ. एलईडीच्या वेळी काही फ्रेम किंचित उजळ, काही किंचित काळपट येत होत्या. फ्लॅशवर तो फरक नाहीसा झाला.

पुन्हा दहा फ्रेमची स्थिर चाचणी घेतली. या वेळी प्रतिमा एखाद्या पिक्सेलने इकडेतिकडे होत होती, कारण झोत जेव्हा पडला तेव्हा टेबल जेथे होते तेथे होते. परंतु प्रत्येक फ्रेम स्वतः रेखीव होती आणि फ्रेममधले असे सरकणे सॉफ्टवेअर बिनतक्रार जुळवते. तीन आणि नऊच्या सुया बारा आणि सहाच्या सुयांच्या बरोबरीला आल्या.

एवढे झाल्यावरही चित्रात एक दुधट पडदा होता, जो धूसरपणासारखाच भासतो पण तो धूसरपणा नव्हे. बेलोज आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्यामधल्या धातूच्या नळीचा आतला रंग काळा असला तरी चकचकीत होता. पांढऱ्या स्टिल्बाइटवरून येणारा भरपूर प्रकाश तिच्या भिंतींवरून परावर्तित होऊन सेन्सरवर पसरत होता आणि गडद निळ्या सुयांचा काळेपणा उजळत होता. नळीत काळा मखमली कागद गुंडाळून बसवला. पंधरा मिनिटांचे काम, पण त्याने चित्रात पडलेला फरक पावले निम्मी करण्याच्या सगळ्या उद्योगाहून जास्त होता.

उजेडाचा एक प्रश्न फक्त अशा चकाकणाऱ्या खनिजांतच येतो. माझ्या मांडणीत नमुना सरकत होता आणि दिवे टेबलावर स्थिर होते, त्यामुळे नमुना तीन मिलिमीटर सरकेपर्यंत स्टिल्बाइटच्या मोत्यासारख्या चकाकीच्या पृष्ठांवरची तिरीप जागा बदलत होती, आणि जोडलेल्या चित्रात एकाच पृष्ठावर दोन-तीन चमकदार डाग उमटत होते. ट्रेसिंग पेपरची एक नळकांडी करून ती नमुन्याभोवती, ठोकळ्याच्या सरकत्या भागावरच बसवली आणि दोन फ्लॅश बाहेरून तिच्यावर सोडले. आता नमुन्याला दिसणारा प्रकाशस्रोत म्हणजे ती नळकांडीच होती आणि ती नमुन्याबरोबर सरकत होती. तिरीप मोठी, मऊ आणि एका जागी राहिली.

शेवटच्या फेरीत पाऊल पुन्हा ४० मायक्रॉनचे होते आणि ९१ फ्रेम होत्या. दर फ्रेमला बारा सेकंद धरून सुमारे अठरा मिनिटे लागली. आधी सेन्सर पुसून घेतला होता, कारण सेन्सरवरचा धुळीचा एक कण एका फ्रेममध्ये नुसता ठिपका असतो, पण फ्रेम जुळवताना त्या सरकतात आणि स्टॅकमध्ये त्याच कणाची रेघ होते. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात अशा तीन शेपट्या होत्या.

जोडणीसाठी दोन पद्धतींचे दोन निकाल काढले. पिरॅमिड पद्धतीत एकमेकींवरून आडव्या गेलेल्या सुया नीट सुटतात, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. खोलीचा नकाशा काढणाऱ्या पद्धतीत स्टिल्बाइटचा नितळ पोत आणि रंग जसेच्या तसे राहतात, पण पुढची सुई मागच्या पृष्ठासमोर येते तेथे कडेला फिकट वलय येते. म्हणून नकाशा पद्धतीचे चित्र पाया धरले आणि सुयांच्या गर्दीचा भाग पिरॅमिडच्या चित्रातून ब्रशने त्यावर आणला. दोन ठिकाणी वलय कोणत्याच पद्धतीने गेले नाही. पुढची सुई फोकसबाहेर असताना तिचा पसरलेला धूसरपणा मागचा भाग झाकतो. तो भाग एकाही फ्रेममध्ये स्वच्छ नोंदलेलाच नसतो, तर सॉफ्टवेअर तो आणणार कोठून? तेथे शेजारची एक फ्रेम निवडून हाताने दुरुस्ती केली.

आता संग्राहकांनी पुन्हा विचारलेला प्रश्न: पूर्ण आकारात पाहिले, तर कडा अजूनही थोड्या मऊच का? याचे उत्तर ऑब्जेक्टिव्हमध्ये आहे. चारपट मोठेपणा आणि ०.१० न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे प्रत्यक्षात एफ/२० चे, बरेच लहान छिद्र, आणि त्यामुळे विवर्तन. नमुन्यावरचे ३.४ मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू ते वेगळे दाखवू शकत नाही, आणि सेन्सरवर ते अंतर साडेतीन पिक्सेलांच्या आसपास होते. म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात खरी माहिती ३५०० पिक्सेलांहून फारशी जास्त नाही. चित्र निम्मे, ३००० पिक्सेल रुंद केले, आणि त्याआधी दोन ते अडीच पिक्सेल त्रिज्येचे शार्पनिंग दिले. अर्ध्या पिक्सेलच्या त्रिज्येने येथे केवळ नॉइज उठतो. मॅक्रो लेन्सवर काम करणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. एकास एक मोठेपणाला लेन्सवरचा आकडा दुप्पट धरावा लागतो, त्यामुळे जास्त खोलीच्या मोहाने एफ/१६ लावणारा छायाचित्रकार प्रत्यक्षात एफ/३२ वर काम करत असतो. त्यापेक्षा एफ/५.६ ठेवावे, एका फ्रेमला साधारण ०.२८ मिलिमीटर खोली मिळते, ०.२ मिलिमीटरचे पाऊल पुरते आणि उरलेली खोली स्टॅकवर सोपवता येते.

छापील चित्र २५ सेंटिमीटर रुंद निघाले. सुयांच्या अंगावरच्या रेघा चहूबाजूंनी मोजता येत होत्या. संग्राहकांनी भिंग आणि चित्र शेजारी ठेवून दोन्ही निरखले आणि चारच्या दिशेची एक सुई अजूनही मऊ आहे, असे दाखवून दिले. मी पुन्हा फ्रेम उघडणार होतो, पण त्याआधी त्यांच्याकडून भिंग घेऊन नमुनाच पाहिला. त्या सुईवर कसल्याशा पांढऱ्या खनिजाचा पातळ पापुद्रा बसलेला होता.